पुसलेले तीन ठोके

या, असे जवळ या. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही जरा पुढे सरकावं, कारण ही गोष्ट ओरडून सांगायची नाही. एक माणूस जग सोडून गेला आणि त्याचा हात मात्र कामावर येत राहिला, अशी ही गोष्ट आहे. मधे कुठे अंगावर काटा आला तर येऊ द्या. ज्याने हात दिले तो हातांचा हिशेबही ठेवतो, एवढं मनात धरा आणि ऐका.

एका मोठ्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक प्रयोगशाळा होती. लांबलचक बोळ, आणि बोळाच्या टोकाला एका खिडकीची खोली. त्या खोलीतल्या संशोधक बाईला सगळे ताई म्हणत. ताईने आयुष्याची सहा वर्षं एका पोलादी प्लेटमध्ये घातली होती. केवढी प्लेट? पत्त्यांच्या कॅटाएवढी. पण तिच्या पोटात केसासारख्या बारीक वाटा कोरलेल्या होत्या. एका तोंडाने एक द्रव आत जाई, दुसऱ्या तोंडाने दुसरा, आत दोघांची गाठ पडे आणि दहा सेकंदांत तिसऱ्या तोंडाने तयार क्षार बाहेर. त्या क्षारापासून पुढे कापडाचा रंग व्हायचा.

जुन्या पद्धतीत ह्याच कामाला हौदाएवढं भांडं लागे. भोवती बर्फ, आणि एक माणूस दिवसभर थेंब थेंब सोडत उभा. कारण हा क्षार ओला आहे तोवर गरीब गाय, आणि वाळला की वाघ. वाळल्यावर त्याला नुसता धक्का लागला तरी स्फोट. ताईच्या प्लेटमध्ये तो एका वेळी चमचाभरही नसे. आला, झाला, गेला. अशा प्लेटला मायक्रोरिॲक्टर म्हणतात. देवाने अवघा वड मोहरीएवढ्या बीत ठेवला, तर माणसाने हौद प्लेटमध्ये ठेवावा यात नवल कसलं! नवल पुढेच आहे.

एवढ्या अरुंद वाटेत पाणी खळाळत नाही. दोन धारा शेजारी शेजारी मुकाट वाहतात. तुम्ही काचेची प्लेट घेऊन भिंगातून पाहिलंत तर दोघींच्या मधे स्वच्छ रेघ दिसेल. ही इकडची, ती तिकडची. जी काय देवाणघेवाण व्हायची ती त्या रेघेवर, हळूच. एवढं ध्यानात राहू द्या.

अडचण एकच होती. क्षाराचे कण वळणावर बसायचे. एक बसला की दुसरा त्याच्या मांडीवर. चार-पाच तासांत वाट तुंबायची, दाब चढायचा, आणि आठाच्या आकड्याला पोचला की पंप आपोआप बंद. ताईने वळणं बदलली. एकदा, दोनदा, अकरा वेळा. आणि बाराव्या वळणाला ती प्लेट शंभर तास चालली. चार दिवस, चार रात्री, न थांबता. तेव्हापासून त्या आकाराला सगळे ‘ताईचं वळण’ म्हणू लागले.

त्या शंभर तासांत ताईबरोबर खोलीत आणखी एक माणूस होता. टेक्निशियन. चौतीस वर्षं त्याच इमारतीत नळ्या जोडणारा, गळती शोधणारा. त्याला म्हणत टकटकमामा. मामाच्या हाताला एक खोड होती. दिसेल त्या वस्तूवर तो ठोके देई. दोन पाठोपाठ, मग थोडा थांबून तिसरा. दारावर टक टक… टक. चहाच्या कपावर टक टक… टक. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांच्या टेबलावर, सर समोर असतानाही.

ताई विचारायची, “मामा, मामींनाही असंच टकटक करून उठवता का हो?”

“छे! तीच मला उठवते. तिचा ठोका एकच असतो, ताई, पण बसतो.”

मामाच्या गालात सदा पेपरमिंटची गोळी, आणि खिशाला लाकडी मुठीचा जुना स्क्रूड्रायव्हर. काम संपलं की तो खिडकीशेजारच्या खिळ्याला दोरीने टांगून ठेवी. शंभर तासांच्या फेरीत मामा घरी गेलाच नाही. खुर्चीतच डुलक्या काढी आणि कुणी न उठवता उठे. ताई समोर संगणकाशी बसलेली असायची. मागे कुठेतरी टक टक… टक ऐकू यायचं. तिला वाटायचं, मामाचा हात चाललाय. घड्याळाची टिकटिक आपण ऐकतो का? तसंच.

फेरी संपली. दाबाचा आलेख छापायचा होता. रेघ मधूनमधून चढत-उतरत होती आणि तिच्यावर बारीक काटे दिसत होते. ताईने ते पाहिले आणि सेन्सरची खरखर समजून आलेख गुळगुळीत करून घेतला. सगळेच करतात, एक कळ दाबली की होतं. मग अहवालात लिहिलं: शंभर तास अखंड, मानवी हस्तक्षेप शून्य.

मामाने तो छापील कागद खिडकीशी धरून पाहिला. त्यावरही तीन ठोके दिले. म्हणाला, “रेघ छान आली, ताई. इस्त्री केल्यासारखी.” आणि खाली नळी जोडायला गेला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका रविवारी दुपारी, मामा घरच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचता वाचता गेला. चष्मा नाकावर तसाच.

ताई खूप रडली. पण काम माणसासाठी थांबत नाही. कारखान्याचा इंजिनिअर येऊन बसला होता. आडव्या अंगाचा, हळू बोलणारा, कोरड्या विनोदाचा माणूस. त्यांना अशा चौसष्ट प्लेटी शेजारी शेजारी लावून एका पंपावर चालवायच्या होत्या. या विद्येत भांडं मोठं करत नाहीत, भांडी वाढवतात.

“ताई, माझी झोप कशाने जाते सांगू?” इंजिनिअर म्हणाला. “चौसष्टांतली एक तुंबली, तर तिच्या वाट्याचं पाणी बाकीच्या त्रेसष्ट वाटून घेतात. एकत्र कुटुंब! एकूण दाब जेमतेम हलतो. वरून सगळं आलबेल. आणि त्या एकीत क्षार साचून वाळत राहतो. मग महिन्याने आमचा फिटर ती उघडायला जातो, पान्याने.”

ताईने समोरची प्लेट जरा आपल्याकडे ओढली.

“म्हणून तुमच्या सहीचा कागद हवा. प्लेट आपली आपण शंभर तास चालते, माणसाचा हात लागत नाही. आणखी एक फेरी करा, शेवटच्या तासांना मी येतो, सही करू, मी झोपतो.”

ताईचे सर म्हणाले, “काढ फेरी. आपलं वळण आहेच.”

सोमवारी सकाळी अकरा वीसला ताईने पंप सुरू केला. खोलीत ती एकटीच. मामाच्या जागी कुणी आलं नव्हतं. त्याची खुर्ची कोपऱ्यात, स्क्रूड्रायव्हर खिळ्याला. बाहेर रखरखीत ऊन होतं.

दाब तीनवर होता. दोन वाजता साडेतीन. अडीचला चार. तिने मनाशी म्हटलं, होतं असं सुरुवातीला. तीनला पाच. तीन वाजून पंधरा मिनिटांनी सहा. म्हणजे वळण चालत नाही? मग मागच्या वेळी काय चाललं?

तीन वीसला पडद्यावरच्या रेघेला तीन काटे आले. दोन लगोलग. मग थोडी जागा सोडून तिसरा. आणि दाब उतरला. पाच, चार, तीन. एखाद्याने छातीवरचा दगड उचलावा तसा.

ताईने आवाज ऐकला नव्हता. पंपाची घरघर तेवढी होती. तिने प्लेटवर हात ठेवला, थंडगार. मागे वळून पाहिलं. खिडकी बंद, पंखा बंद. खिळ्याला टांगलेला स्क्रूड्रायव्हर मात्र हळूहळू झुलत होता, आणि हवेत पेपरमिंटचा वास होता.

ती उठून बोळात आली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तोंडात आपोआप देवाचं नाव आलं. माणूस शिकला म्हणून घाबरायचा थांबत नाही, फक्त घाबरल्यावर आलेख बघायला परत जातो. तीही गेली. सात वीसपर्यंत खुर्चीत ताठ बसून राहिली. सात वीसला पुन्हा तीन काटे. मग ती घरी गेली. रात्री पहारा यंत्रच करतं, आणि त्या रात्री यंत्र एकटं नव्हतं.

मंगळवारी सकाळी तिने मागच्या शंभर तासांच्या मूळ नोंदी उघडल्या, इस्त्री करण्याआधीच्या. दर चार तासांनी दाब सहापर्यंत चढलेला, तीन काटे, आणि दाब खाली. दोन लगोलग, एक सावकाश. पंचवीस वेळा.

ताई पडद्याकडे बघत राहिली. सहा वर्षं, बारा वळणं. आणि शंभर तास काय चाललं होतं? एका म्हाताऱ्याची लाकडी मूठ. पाठीमागची टकटक कानावर पडत होती आणि तिने ऐकलं नव्हतं. मग जे ऐकलं नव्हतं ते कागदावर उमटलं, तर तिने तेही पुसलं.

दुपारी ती मामींकडे गेली. दोन खोल्यांचं घर, खुर्ची अजून खिडकीकडे तोंड करून. मामींनी पाणी दिलं.

“ये गं पोरी, बैस. किती वाळलीस! ते असते तर म्हणाले असते, ताईला वरून तेल घाला, कुरकुरतेय.”

ताईला हसू आलं आणि त्यातच रडू. ती म्हणाली, “मामी, त्या चार दिवसांनंतर मामा काही बोलले होते का? प्लेटबद्दल?”

“बोलायला काय, घरी आले ते दोन दिवस झोपले. उठल्यावर मी म्हटलं, एवढं काय करत होता तिथे? तर म्हणाले, ताईचं लेकरू नीट निजत नाही. दर चार तासांनी उठतं. जरा थोपटलं की झोपतं परत.”

“मला का नाही सांगितलं हो त्यांनी?”

“सांगायचं काय? मीही तेच विचारलं. म्हणाले, तिला ठाऊक आहे की. समोरच तर बसलेली असते.”

ताईने मान खाली घातली. जमिनीवर फरशीची एक चीर होती, तिच्याकडे ती बघत राहिली.

मामी जराशा पुढे झुकल्या. आवाज उतरला. “मी एक विचारू? वेडी म्हणू नकोस. काल दुपारी तीनपासून मला अधूनमधून त्यांचे बूट वाजल्यासारखे वाटतात. दारापर्यंत जातात. काल डोळा लागला तेव्हा स्वप्नात आले, बंद बांधत होते. म्हटलं, आता कुठे निघालात? तर म्हणाले, अजून सुटी झाली नाही गं. पोरी, चौतीस वर्षं त्या माणसाने एक दिवस उशीर केला नाही. तुमच्याकडे त्यांचं काही राहिलंय का? असेल तर देऊन टाक. त्यांना बसू दे आता.”

समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून अठरा मिनिटं झाली होती. दोघींची नजर तिकडेच लागली. तीन वीसला खिडकीजवळची खुर्ची किंचित करकरली, कुणी तिच्यातून उठावं तशी.

बुधवारी सकाळी ताई सरांच्या खोलीत गेली आणि मूळ आलेख टेबलावर पसरला.

सरांनी चष्मा लावला, काढला. “हे मागच्या फेरीतलं समजलं. मामा ठोकत होता. पण ही आत्ताची फेरी? कोण ठोकतंय?”

“सर, तुम्हाला कळलंय.”

“मला काही कळलेलं नाही आणि कळून घ्यायचंही नाही,” सर म्हणाले. पण त्यांनी खोलीचं दार लावलं. “हे बघ, प्लेट चालतेय ना? चालू दे. परवा शंभर तास होतील. सही कर. सहा वर्षं घातलीस तू. तुझ्या नावाचं वळण आहे ते.”

“वळणाने काही होत नाही, सर.”

“आणि मेलेल्या माणसाचे ठोके अहवालात घालणार? लोक हसतील.”

“जिवंतपणीचे घालते. ते पंचवीस. तेच त्यांचे द्यायचे राहिलेत.”

सर खिडकीकडे बघत बसले. जुने गृहस्थ, मनाने वाईट नव्हते. म्हणाले, “माझ्या टेबलावरही ठोकायचा गं तो. मी रागावायचो.”

इंजिनिअर दुपारी आला. तो दोन दिवस आधीच येऊन ठेपला. झोप नव्हती म्हणाला. ताईने त्याला सगळं सांगितलं. मामाचं काम सांगितलं, पुसलेले काटे सांगितले. या फेरीचं सांगताना मात्र ती अडखळली. इंजिनिअरने सोमवारचा आलेख पाहिला, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

“मी कारखान्यात वाढलेला माणूस आहे,” तो म्हणाला. “तिथेही असे एक-दोन जण आहेत. आम्ही त्यांच्याबद्दल बोलत नाही. पण ताई, माझ्या प्लेटी चौसष्ट, आणि तुमचे मामा एक. एवढ्या उन्हात म्हाताऱ्याला किती पळवायचं?”

ताईने कार्यपद्धतीचा कागद पुढे ओढला. ‘मानवी हस्तक्षेप शून्य’ यावर रेघ मारली. खाली लिहिलं: दर चार तासांनी प्लेटच्या डाव्या कडेवर लाकडी मुठीने तीन ठोके द्यावेत, दोन लगोलग, तिसरा थोडा थांबून, त्याशिवाय ही प्लेट पाच तासांवर चालत नाही. आणि त्याखाली, ही रीत कुणाची, तिथे तिने मामाचं सबंध नाव लिहिलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. ते लिहिताना तिच्या लक्षात आलं की ते नाव तिने आजवर एकदाही लिहिलं नव्हतं. अहवालात, आभारात, कुठेही नाही. स्पेलिंग विचारायला मामींना फोन करावा लागला.

मग सही केली. तिच्या नावाच्या वळणाचं काय होणार हे तिला ठाऊक होतं.

घड्याळात तीन वाजून आठ मिनिटं झाली होती. दाब पावणेसहा. ती, सर आणि इंजिनिअर, तिघेही पडद्यासमोर उभे राहिले.

तीन वीस झाले. रेघ चढत होती.

तीन एकवीस. सहा. सव्वासहा.

“येतील,” सर पुटपुटले. हे आपण बोललो हे त्यांच्याही लक्षात आलं नसावं.

तीन पंचवीस. सात. पेपरमिंटचा वास नव्हता. खिळ्याला स्क्रूड्रायव्हर दोरीवर सरळ, ओळंब्यासारखा स्थिर. खोली नुसती खोली होती. तीन दिवस भरलेली म्हणून जिची तिला भीती वाटत होती, ती आता रिकामी होती, आणि ताईला कळेना की यातलं अधिक भयंकर कोणतं. पोटातून तिला हाक मारावीशी वाटली, मामा, एकदाच. तिने ओठ आवळले. ज्याला सुटी दिली त्याला दारातून परत बोलवायचं नसतं.

साडेसात.

ताई खिडकीशी गेली. दोरी सोडवली. मूठ तिच्या हाताला मोठी होत होती, आणि तिच्यावर मामाच्या अंगठ्याने चौतीस वर्षांत एक खळगा पाडला होता. तिने आपला अंगठा त्यात ठेवला. प्लेटच्या डाव्या कडेवर दोन ठोके दिले. थांबली. तिसरा दिला.

रेघेवर तीन काटे उमटले. दाब क्षणभर तिथेच अडला, आणि मग उतरू लागला. सात. सहा. चार. तीन.

सरांनी नाक शिंकरलं. इंजिनिअर म्हणाला, “प्रत्येक प्लेटला एक लाकडी हातोडी बसवू. मोटरवर. चार तासांनी तीन ठोके.” मग जरा वेळाने, “तिसरा थांबूनच का हो?”

“पहिल्या दोघांनी कण सुटतात,” ताई सावकाश म्हणाली. तिलाही ते आत्ताच कळत होतं. “थांबलं की ते वाटेला लागतात. तिसरा मागे राहिलेल्यांसाठी.”

संध्याकाळी मामींचा फोन आला. त्यांनी एवढंच सांगितलं की आज दुपारी बूट वाजले नाहीत, आणि त्या कितीतरी दिवसांनी गाढ झोपल्या. आता घर फारच शांत झालं, म्हणाल्या.

प्लेटमध्ये दोन धारा वाहतात ते सांगितलं होतं ना? मधे रेघ असते. आपण इकडच्या धारेतले आणि गेलेली माणसं तिकडच्या. मिसळता येत नाही. पण रेघेवर काहीतरी हातात पडतं. ताईच्या हातात एक लाकडी मूठ पडली. तिचा तिसरा ठोका अजूनही मामापेक्षा जरासा लवकर पडतो. आलेख ठेवून पाहिले तर फरक दिसतो. आता ती काटे पुसत नाही.

तर मंडळी, एक मागणं आहे. तुम्ही घरी गेलात, अंगातला रंगीत सदरा काढून खुंटीला लावलात, किंवा कुठे कागदावर एखादी सुरेख, गुळगुळीत रेघ दिसली, तर बोटाने तीन ठोके द्या. दोन लगोलग, आणि थोडं थांबून तिसरा. त्या वेळी टकटकमामाची आठवण काढा. त्याचं नाव मी तुम्हाला सांगितलं नाही. ते कागदावर आहे, आणि वरच्या वहीतही आहे. तुम्ही नुसता ठोका दिलात तरी त्याला पोचेल.